रस्ता आठ दिवस बंद पडला तर? पाटणच्या डोंगरातलं आपलं गाव किती तयार, असं तपासा

पाटण : जुलै २०२१ चा पाऊस आपल्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरड कोसळली, माणसं गेली. रस्ते बंद असल्यानं मदत पोचायला वेळ लागला. तसं पुन्हा झालं तर पहिले काही दिवस गावालाच काढावे लागतील. पावसाळ्याची तयारी म्हटलं की आपण धान्यापासून सुरुवात करतो. खरं तर ती डोंगरापासून करायला हवी.

१) आधी जागा बघा
घरामागच्या उतारावर नवी भेग पडलीय का? झाडं, विजेचे खांब कलले का? झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, आटलं किंवा नवीन ठिकाणी फुटलं का? दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागल्या का? यातलं काहीही दिसलं तर तलाठी, ग्रामसेवकांना लगेच कळवा. जोराचा पाऊस असेल तर रात्रीची वाट न बघता दिवसाउजेडीच घर सोडा. कुठं जायचं ते आजच ठरवा.

२) आजारी माणूस
बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये बाळंतपण असेल तर बाईला आधीच दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे न्या. साप चावला तर मांत्रिक नको, थेट दवाखाना. गाडी येत नसेल तर डोली कोण उचलणार, त्या पोरांची नावं लिहून ठेवा.

३) पाणी
पाऊस धो धो, पण वीज गेली की पंप बंद आणि विहीर गढूळ. एक मिलिमीटर पावसात एक चौरस मीटर छपरावर एक लिटर पाणी पडतं. म्हणजे ५० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पावसात ५ हजार लिटर! पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, नंतरचं धरा. गाळून, खळखळ उकळूनच प्या.

४) धान्य
माणशी रोज अर्धा किलो धरलं तर पाच जणांना १५ दिवसांसाठी साडेसदतीस किलो लागतं. भात-नाचणी घरची असते, पण डाळ, तेल, मीठ बाजारातूनच येतं. वीज नसली की गिरणीही बंद. म्हणून तांदूळ थोडा जास्त ठेवा आणि आजीचं जातं मोडीत काढू नका.

कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) पहाटे झाला, तेव्हा लोक झोपेत होते. त्यामुळं उशाशी बॅटरी हवी आणि डोक्यावरच्या फळीवर जड सामान नको.

तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ हे नंबर फोनमध्ये ठेवा, भिंतीवरही लिहा. चार्जिंग संपलं तरी भिंत वाचता येते. आणि ही चार कलमं पुढच्या ग्रामसभेत मांडा. एकट्या घराची तयारी डोंगरात पुरत नाही.