लोभ आणि संतोष : ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
लोभ हा विकार बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी निंद्य मानला आहे. भारतीय परंपरेत त्याची गणना षड्रिपूंमध्ये होते, तर पाश्चात्य ख्रिस्ती परंपरेत सात प्रमुख पापांमध्ये. तथापि, लोभाचे मूळ कोणते आणि त्यावर मात कशी करावी, या प्रश्नांची उत्तरे सर्वत्र सारखी नाहीत. नवा करार आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे जीवन यांच्या आधारे ख्रिस्ती उत्तराचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोभाचे स्वरूप :
नव्या करारात लोभासाठी 'प्लेओनेक्सिया' हा ग्रीक शब्द येतो. आहे त्याहून अधिक असावे ही हाव, असा त्याचा अर्थ आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीचा तंटा घेऊन येशूकडे येतो. येशू न्यायनिवाडा करण्याचे नाकारतो व एक दृष्टांत सांगतो. अमाप पीक आलेला एक धनवान जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत करतो. परंतु त्याच रात्री त्याचे आयुष्य संपते. या मनुष्याने कोणाचे काही लुबाडल्याचा उल्लेख दृष्टांतात नाही, ही बाब लक्षणीय आहे. जीवनाची सुरक्षितता त्याने धान्याच्या साठ्यावर सोपविली, हा त्याचा प्रमाद होय. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे, ते याच अर्थाने. देवावर ठेवावयाचा विश्वास वस्तूवर ठेवणे हे लोभाचे मूळ ठरते.

संतोष : एक शिकलेली वृत्ती :
फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले. मंडळीने पाठविलेल्या मदतीची पोच देताना, विपुलता व टंचाई या दोन्ही अवस्थांत संतुष्ट राहण्यास आपण शिकलो आहोत, असे तो सांगतो. येथे त्याने योजिलेला शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. त्यांच्या दृष्टीने तो स्वयंपूर्णतेचा निदर्शक होता. पौल मात्र या सामर्थ्याचे श्रेय स्वतःला न देता ख्रिस्ताला देतो. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. संतोष जन्मजात नसून अभ्यासाने येतो, आणि त्याची कसोटी गरिबीइतकीच सुबत्तेतही लागते.

श्रद्धेचे आचरण :
ही वृत्ती केवळ मनात राहत नाही, हे यरीहो येथील जकातदारांचा प्रमुख जक्कय याच्या कथेवरून दिसते. येशूच्या भेटीनंतर तो अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे जाहीर करतो. मोशेच्या नियमशास्त्रानुसार स्वतःहून कबूल केलेल्या अपहाराबद्दल मूळ रक्कम व तिचा पाचवा हिस्सा देणे पुरेसे होते. त्याहून कितीतरी अधिक देण्यास जक्कय सिद्ध होतो. कारण धनावरचा त्याचा भरवसा सुटलेला असतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेत टिळकांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला व पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य केले. १९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' या उपक्रमास वाहून घेतले. निश्चित उत्पन्नाचा आधार उतारवयात सोडणे ही त्यांच्या श्रद्धेची परीक्षाच होती. मात्र लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून या निरिच्छतेची दुसरी बाजूही दिसते. पतीच्या हाती पैसा टिकत नसे आणि संसाराची घडी सावरण्याचा भार पत्नीवर पडे. एकाच्या त्यागाची किंमत अनेकदा घरातील दुसऱ्या व्यक्तीला मोजावी लागते, ही जाणीव संतोषाच्या विवेचनात असणे अगत्याचे आहे.

एक संभाव्य गैरसमज :
संतोषाचा उपदेश गरिबांना गप्प बसविण्यासाठी केला जातो, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्या मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनवानांचा कठोर शब्दांत निषेध आहे. त्यामुळे अन्याय सोसत राहणे म्हणजे संतोष, असा अर्थ नव्या करारातून काढता येत नाही. ज्याच्याजवळ गरजेहून अधिक आहे, त्याला हा उपदेश प्रथम लागू होतो.

समारोप :
ख्रिस्ती विचारानुसार लोभावरील उपाय केवळ वस्तूंच्या त्यागात नाही. वस्तू सोडूनही मन त्यांतच गुंतून राहू शकते. विश्वासाचे स्थान बदलले की देणे सुलभ होते, अन्यायाने घेतलेले परत करण्याचे धैर्य येते आणि आहे तेवढ्यात समाधान मानता येते. असा संतोष आपल्या माणसांवर भार न टाकता आचरणात आणणे, हीच त्याची खरी साधना होय.