कळव्याच्या रांगेतले पत्ते

केसपेपर काढताना खिडकीतला कारकून नाव विचारतो, वय विचारतो आणि मग पत्ता. या पत्त्याच्या रकान्याने मला कित्येक वर्षं धरून ठेवलंय. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. पण तिथल्या रांगेत कान दिला तर कल्याण, डोंबिवली, भिवंडी, मुरबाड, शहापूर, थेट पालघरपर्यंतची गावं ऐकू येतात. कल्याणात पालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय आहे, डोंबिवलीत शास्त्रीनगर आहे. तरीही डोक्याला मार लागला, बाळंतीण अडली, की चिठ्ठी हातात पडते आणि नातेवाईक एकमेकांना विचारतात, "कळवा की सायन?" इथल्या वाचकाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

ती चिठ्ठी एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेली असते. तिच्यामुळे उपचार पुढे सरकतात, खर्चाची वाटणी होत नाही. माणूस कल्याणचा, बोजा ठाण्याच्या अंदाजपत्रकावर. ऑगस्ट २०२३ मध्ये या पाचशे खाटांच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली, आरोप झाले. त्या वेळी ठाण्याचं जुनं सिव्हिल रुग्णालय नव्या इमारतीसाठी हलवलं गेलं होतं आणि त्याचाही भार कळव्यावर आल्याचं बोललं गेलं. माझ्या मते खरा प्रश्न त्याहून जुना आहे. सबंध जिल्ह्याचं रुग्णालय आपण एका शहराच्या पैशावर चालवतो आहोत.

यावर उपाय शोधायला फार लांब जावं लागत नाही. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली १९८३ ची. दोघींचा कारभार १९४९ च्या एकाच महापालिका कायद्याखाली चालतो. मी तो कायदा करांच्या तरतुदींसाठी उघडला आणि इतर स्थानिक संस्थांबरोबरच्या संयुक्त व्यवहारांच्या तरतुदीपाशी थांबलो. तिचा आशय साधा आहे. ज्या कामात दोघांचंही हित आहे, त्यासाठी महापालिकेला शेजारच्या संस्थेबरोबर संयुक्त समिती नेमता येते. संयुक्त काम कसं उभारायचं, पुढे कसं सांभाळायचं, याच्या दोघांवर बंधनकारक अटी ठरवण्याचा अधिकार त्या समितीला देता येतो. रुग्णालयापेक्षा मोठं समाईक हित कोणतं?

आणि आपल्या शहरांना हे जमत नाही असंही नाही. कल्याणला लागून असलेल्या शहाडला उल्हास नदीचं पाणी उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि वाटून घ्यायचं, यासाठी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद 'स्टेम'मध्ये एकत्र आल्या. पाण्यासाठी चार संस्था एका टेबलाशी बसतात. व्हेंटिलेटरसाठी का बसू नयेत?

दोन शेजाऱ्यांनी उपचारांचा हिशेब कसा मिटवावा, याचं आपल्याकडचं सर्वात बोलकं उदाहरण मात्र तळकोकणात आहे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी इथला माणूस गंभीर आजारी पडला की पिढ्यान्‌पिढ्या गोव्याकडे धावतो. कोल्हापूरला जायचं तर मध्ये घाट. त्यापेक्षा पत्रादेवी ओलांडून म्हापसामार्गे बांबोळी गाठणं सोपं. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज म्हणजे १८४२ साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचं आजचं रूप. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याचं म्हणणं होतं की गोंयकाराच्या करातून चाललेल्या खाटांवर आधी त्याचा हक्क. मला हे म्हणणं चूक वाटत नाही. उद्या ठाणेकर कळव्याबद्दल असंच म्हणाले, तर त्यांनाही चूक ठरवता येणार नाही.

पण सीमेवरच्या लोकांचंही खरं होतं. त्यांची मुलं गोव्याच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत राबतात. दोडामार्गात 'आरोग्याचा जनआक्रोश' उभा राहिला, लोक दिवसचे दिवस ठाण मांडून बसले. तालुका गोव्यातच घाला, इथपर्यंत मागणी गेली. आणि मग तोडगा निघाला: सिंधुदुर्गच्या रुग्णांसाठी महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना बांबोळीत लागू करायची. उपचार गोव्याने करायचे, योजनेत बसतील त्यांचे पैसे महाराष्ट्राने भरायचे. कुणी कुणावर उपकार करायचे नाहीत.

हीच योजना २०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी कडाडून विरोध केला. शेजाऱ्याशी आधी न बोलता दिलेली सेवा, हेतू कितीही चांगला असला, तरी भांडणाचं कारण होते.

कुणी म्हणेल, महात्मा फुले योजना पालिकांच्या रुग्णालयांतही चालते, मग करार कशाला? योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांचे पैसे देते. रात्री दोनला अपघात विभागात किती परिचारिका हव्यात, अतिदक्षतेच्या किती खाटा वाढवायच्या, बरा होत आलेला रुग्ण रुक्मिणीबाईत परत कधी आणायचा, म्हणजे कळव्यातली खाट मोकळी होईल, हे यादी ठरवत नाही. ते दोन महापालिकांनीच बसून ठरवायचं. त्यासाठी लागणारी माहिती केसपेपरवर आहेच; वर्षभराचे पत्ते मोजले की कुणाचा वाटा किती, ते कळेल.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि दोन्हीकडे प्रशासक आले. म्हणजे कळव्यात ते मृत्यू झाले तेव्हा हा विषय सभागृहात मांडायला दोन्ही शहरांत एकही नगरसेवक नव्हता. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. पालिकेसाठी मत मागायला जो कोणी तुमच्या दारात येईल, त्याला रस्ते आणि गटारांबरोबर हेही विचारा: ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या संयुक्त रुग्णालय समितीचा ठराव तुम्ही पहिल्या वर्षात मांडणार का? उत्तर लेखी घ्या.