बस-अपघात : कारणे व प्रतिबंध

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत बसप्रवाशांचे प्रमाण दुचाकीस्वारांच्या मानाने पुष्कळच कमी आहे. परंतु एकाच आघातात अनेकांचे प्राण जात असल्यामुळे बस-अपघातांचा स्वतंत्र विचार आवश्यक ठरतो.

अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ विल्यम हॅडन यांनी अपघाताच्या तीन अवस्था कल्पिल्या : अपघातपूर्व, आघातकालीन व अपघातोत्तर. प्रत्येक अवस्थेत मनुष्य, वाहन आणि परिसर या घटकांची स्वतंत्र छाननी केली जाते. त्यामुळे सगळा दोष चालकाच्या माथी मारून चौकशी संपत नाही.

अपघातपूर्व कारणांत अतिवेग अग्रस्थानी आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते, आणि वेग दुप्पट झाल्यास तिची गतिज ऊर्जा चौपट होते. त्याखालोखाल चालकाच्या थकव्याचा विचार करावा लागतो. पहाटेच्या सुमारास झोपेची निसर्गदत्त ओढ प्रबळ असते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हा सर्वसाधारण नियम घालून दिला होता.

घाटातील अपघातांचे यंत्रशास्त्र निराळे आहे. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ड्रम व लायनर अतिशय तापतात, घर्षण घटते आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा मुरब्बी चालकांचा दंडक त्यामुळेच शास्त्रशुद्ध ठरतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली, तर इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो.

आघातकालीन अवस्थेचे महत्त्व दोन दुर्घटनांनी अधोरेखित केले. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी तेलंगणातील पालेम येथे बंगळूर–हैदराबाद बस मोरीच्या कठड्याला धडकून पेटली व ४५ जण दगावले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस डाव्या कुशीवर उलटली. प्रवेशद्वार खाली दबले, आग भडकली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. बचावलेल्यांपैकी काही जण काच फोडून बाहेर पडले होते. संकटकालीन दरवाजा, काच फोडण्याची हातोडी आणि मोकळी मार्गिका यांवर जगणे-मरणे अवलंबून असते, ते असे.

अपघातोत्तर अवस्थेत त्वरित उपचार निर्णायक असतात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. मदतकर्त्याला कायदेशीर ससेमिऱ्यापासून संरक्षण देणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात समाविष्ट झाले.

प्रतिबंधाचे उपायही याच क्रमाने योजावे लागतात : कार्यक्षम वेगनियंत्रक, लांब पल्ल्यासाठी दुसरा चालक, काटेकोर पासिंग, वळणांवर भक्कम कठडे आणि इंजिनकक्षात अग्निसूचक यंत्रणा. यांपैकी बहुतेक गोष्टी शासन व बसमालक यांच्या हाती आहेत. प्रवाशाने मात्र रात्रीच्या बसमध्ये बसताच संकटकालीन दरवाजा कोठे आहे आणि त्यापुढे सामान रचलेले तर नाही ना, हे पाहून घ्यावे. वाट अडलेली असल्यास गाडी सुटण्यापूर्वीच ती मोकळी करून घेण्याचा आग्रह धरावा.