मोबाईल दुरुस्ती : जुना बॉक्स आणि नवे मुदतीचे सॉफ्टवेअर

कमी भांडवलात सुरू होणारा धंदा म्हणून आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण मोबाईल दुरुस्तीकडे वळतात. दुकान मांडण्यापूर्वी सॉफ्टवेअरचे अर्थकारण समजून घेणे गरजेचे आहे, असे आम्हाला वाटते.

नोकियाच्या काळात कारागीर फ्लॅशिंगचा 'बॉक्स' एकदाच विकत घेत. साधन त्याच्या मालकीचे असे. 2015 मध्ये अँड्रॉइड 5.1 सोबत एफआरपी लॉक आले. फोन रीसेट केला तरी तो जुने गुगल खाते मागू लागला. सुरक्षा कडक होत गेली, तशी साधनेही बदलली. आजची बरीच टूल्स इंटरनेटवरून, ठरावीक मुदतीच्या वर्गणीवर किंवा प्रत्येक कामाच्या क्रेडिटवर चालतात. मुदत संपली की काम बंद. म्हणजे कारागीर मालकाचा भाडेकरू झाला.

इथेच फुकटच्या 'क्रॅक' आवृत्तीचा मोह होतो. त्यातून व्हायरस आला, तर दुकानाच्या कॉम्प्युटरसोबत ग्राहकांची खासगी माहितीही धोक्यात येते.

जुना बॉक्स फेकू नका. जुन्या हँडसेटला तो पुरतो. गिऱ्हाईक कमी असेल तर वर्गणीपेक्षा क्रेडिट परवडते. लॉक काढण्यापूर्वी बिल व ओळखपत्र पाहा, 'संचार साथी'वर आयएमईआय तपासा. आयएमईआय बदलण्याचे काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका. 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

टूल भाड्याचे असले तरी दुकानाची पत आपली स्वतःची असते.