मथळा बदलला की लिंक मेली

पहाटे ५:३०. आश्रमात सामुदायिक ध्यान चालू आहे. या वेळी नेट बरं चालतं, म्हणून दिवसभराच्या फाइली आत्ताच उतरवून घेतो. कंपनी पुण्यात, मी गुरुकुंज मोझरीत. काम पर्ल भाषेतल्या मॉड्यूलांची माहितीपत्रं नीटनेटकी करण्याचं. आज फक्त लिंका.

सकाळी ८. पर्लमध्ये कोड आणि त्याची माहिती एकाच फाइलीत राहते. १९९४ साली पाचवी आवृत्ती आली, तेव्हापासूनची ही सोय. तिला पॉड म्हणतात. लिंक द्यायची तर मोठा एल आणि कोनी कंसात मॉड्यूलचं नाव. त्याच फाइलीतल्या एखाद्या मथळ्याकडे न्यायचं तर मथळ्याआधी तिरकी रेघ. वाचकाला वेगळे शब्द दाखवायचे असतील तर ते आधी, मग उभी दांडी, मग खरा पत्ता. एवढं शिकायला अर्धा तास पुरतो. खरा ताप पुढेच आहे. मथळ्याला वेगळा क्रमांक नाही, त्याचे शब्द हाच त्याचा पत्ता. कोणी ‘फाइल उघडणे’ खोडून ‘फाइल वाचायला उघडणे’ केलं, की तिकडे जाणाऱ्या साऱ्या लिंका मेल्या. कोड मात्र ठणठणीत चालतो, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

१०:३०. पॉडमधल्या चुका शोधणारा पॉडचेकर चालवला. फाइलीतल्या फाइलीत तुटलेली लिंक तो ओळ-क्रमांकासह दाखवतो. दुसऱ्या मॉड्यूलमधला मथळा खरोखर तिथे आहे की नाही, हे तो पाहत नाही. ते पाहायचं तर दोन्ही फाइली शेजारी उघडून अक्षर न् अक्षर जुळवायचं. माझा बहुतेक दिवस यातच जातो.

दुपारी १. “बाबू, जेवाले ये ना, भाकर थंडी होऊन राह्यली!” मायची ही हाक दुसऱ्यांदा आली की उठावंच लागतं.

२. पुण्याहून नवी सहकारी फोनवर. “दादा, ‘इथे क्लिक करा’ लिहिलं तर काय बिघडलं?” म्हटलं, तेच पान टर्मिनलवर पर्लडॉक या आज्ञेने उघडून बघ. तिथे निळी रेघ नाही की माउसचा बाण नाही, नुसता मजकूर. ‘इथे’ म्हणजे कुठे? शिवाय अंध वाचक पडदा-वाचकाकडून लिंकांची यादी ऐकतो. त्याच्या कानावर ‘इथे, इथे, इथे’ एवढंच पडतं. “मग ‘अधिक माहिती’ लिहू?” तेही नको. कुठे नेणार, ते लिंकेच्या शब्दांतच यायला हवं. जाता जाता आणखी एक सांगितलं : दाखवायच्या शब्दांत ‘वाचन/लेखन’ अशी रेघ पॉडला चालत नाही, सरळ ‘वाचन आणि लेखन’ लिहावं.

४. एका परिच्छेदात एकाच मॉड्यूलची लिंक पुन्हापुन्हा दिलेली. पहिली ठेवली, बाकीच्या काढल्या. लिहिणाऱ्याला यात काळजी वाटते, वाचणाऱ्याला कटकट.

५. पत्ता टिकाऊ कसा असावा, ते तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेकडून शिकावं. तिच्यात ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. संदर्भ द्यायचा तर अध्याय आणि ओवी सांगायची. छपाई कोणतीही असो, पान कितवंही असो, ओवी सापडते. मॉड्यूलचे मथळे असे टिकाऊ करायचे तर त्यांत वर्णन घालू नये. फंक्शनचं नाव हाच मथळा ठेवावा, स्पष्टीकरण खाली. आवृत्तीचा क्रमांक तर मथळ्यात मुळीच नको.

सायंकाळी. प्रार्थनेची वेळ झाली, लॅपटॉप मिटला.

रात्री ९. दुरुस्त फाइली पाठवल्या. सोबत मॉड्यूल लिहिणाऱ्यांना एक विनंती जोडली, ती इथल्या वाचकांनाही : मथळा बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण त्याच बैठकीत जुना मथळा सगळ्या फाइलींत शोधा. फाइलींत शब्द शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेची एक ओळ पुरते.