पिशवी सुटण्याआधी आणि नंतर

मला इथे बोलावतात ते कवितेवर बोलायला. आज पोटावर बोलणार आहे. शौचाचा विषय चारचौघांत काढायचा नाही ही आपली रीत. आठ महिने पोटाला पिशवी लावून फिरलो, तेव्हा या रीतीची किंमत कळली. कोणी बोलत नाही, म्हणून पिशवीवाल्या प्रत्येकाला वाटतं की गावात आपण एकटेच.

मे २०२२ मध्ये माझ्या गुदाशयातली कर्करोगाची गाठ काढली. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक, मळ साठवण्याची जागा. तिथला भाग कापून वरचं आतडं खाली जोडलं. हा जोड ओला असताना त्यावरून मळ गेला आणि जोड गळला, तर पोटात पू पसरून जिवावर बेतू शकतं. म्हणून सर्जनने लहान आतड्याचा एक वेढा बेंबीच्या उजवीकडे बाहेर काढला आणि त्याला तोंड पाडलं. या तोंडाला म्हणतात स्टोमा. लालबुंद, ओलसर, हात लावला तर दुखत नाही. त्यावर पिशवी चिकटवायची. लहान आतड्याची असेल तर इलिऑस्टॉमी, मोठ्या आतड्याची असेल तर कोलॉस्टॉमी. गुदद्वारच काढावं लागलं तर ही सोय कायमची असते. माझी तात्पुरती होती.

ही युक्ती आजची नाही. १७९३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्ट गावी द्युरे नावाच्या सर्जनने गुदद्वाराशिवाय जन्मलेल्या एका बाळाच्या पोटावर असंच तोंड पाडलं. भूल नाही, जंतुनाशक नाही, आणि ते मूल पंचेचाळीस वर्षं जगलं! पोटाला पहिल्यांदा पिशवी लागली तेव्हा मला त्या बाळाचा फार आधार वाटला.

आता मूळ मुद्दा. आमच्या घरात समज होता की पिशवी काढायची म्हणजे टाके काढण्यासारखं काही असेल. तसं नाही. ती दुसरी शस्त्रक्रिया असते, भूल देऊन केलेली. आतला जोड भरायला दोन-तीन महिने तरी देतात, मध्ये केमोथेरपी असेल तर मुक्काम लांबतो. माझा लांबला. आधी गुदद्वारातून औषध भरून एक्स-रे काढतात, जोड गळतो का ते पाहायला. बोटाने आणि दुर्बिणीने तपासतात, जोड आकसला तर नाही ना. रक्तातलं हिमोग्लोबिन, क्षार, मूत्रपिंडाचं काम पाहतात. क्षारांचं महत्त्व इलिऑस्टॉमीवाल्याला फार, कारण पाणी आणि मीठ शोषण्याचं मोठ्या आतड्याचं काम बंद पडलेलं असतं. पिशवी पातळ भरू लागली की नुसतं पाणी ढोसून भागत नाही. मी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पीत असे. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे सर्जनलाच विचारायचं. विडी-सिगारेट मात्र न विचारता थांबवायची.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पिशवीच्या काळात गुदद्वाराचे स्नायू रिकामे बसून सैल पडतात. चारचौघांत वारा दाबून धरतो तसे ते आवळायचे, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा दा. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे एका सिस्टरने सांगितलं, “काका, आजपासून सुरू करा, नंतर माझी आठवण काढाल.” आठवण काढतो.

सर्जनने आणखी एक स्पष्ट सांगितलं. साठवणीची जागाच गेली आहे, तेव्हा पिशवी गेली तरी पहिल्यासारखं होईलच असं नाही. पत्नीचं म्हणणं, सवय झाली आहे ना, मग पुन्हा पोट कशाला उघडायचं? तिचं चुकीचं नव्हतं. पिशवीवर उत्तम जगणारी माणसं आहेत. पिशवी हाताशी असताना नमाजही अडत नाही. ज्याचा स्राव त्याच्या हाती नाही तो माझूर, त्याने प्रत्येक वक्ताला नवा वजू करावा, असं आमच्या मौलानांनी समजावून सांगितलं होतं. पण कविता वाचताना मधेच पोटावरचा स्टोमा आवाज करी आणि मी ओळ विसरे. शिवाय उन्हाळ्यात घामाने पिशवी सुटे. मी शस्त्रक्रियेला हो म्हटलं.

जानेवारी २०२३ मध्ये ती झाली. स्टोमाभोवती कापून आतड्याचा वेढा मोकळा करतात, तोंड जोडून आत ढकलतात. बटव्याची नाडी ओढावी तशी कातडी आवळून मध्ये छोटं छिद्र ठेवतात, म्हणजे आत पू कोंडत नाही. ते छिद्र काही आठवड्यांत आपोआप भरतं.

मग वाट पाहायची. रोज सकाळी डॉक्टरांचा एकच प्रश्न, “वारा सरला का?” आयुष्यभर मात्रा मोजल्या, दाद मोजली, इतक्या आतुरतेने कशाची वाट पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, उलट्या झाल्या. झोपलेलं आतडं उठत नव्हतं. नाकातून नळी घातली, तोंडाने सगळं बंद. हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा आपोआप सुटतं, पण त्या दोन दिवसांत पत्नीकडे बघायची हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी वारा सरला. तिने वॉर्डभर सांगितलं.

घरी आल्यावर खरी परीक्षा. दिवसात पंधरा वेळा, कधी लागोपाठ तीनदा, आणि आली की आली. काही महिने पाणी न पाहिलेलं मोठं आतडं काम विसरलेलं असतं. कातडी सोलवटते. कागदाने पुसू नका. आपला तांब्या बरा. पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून, झिंक ऑक्साइडचं मलम. मऊ भात, दही, केळं, उकडलेला बटाटा मानवला. मक्याचं कणीस, शेंगदाणे, तिखट रस्सा यांना दोन महिने रजा. थोड्या पाण्यात इसबगोल घेतलं की मळ बांधून येतो. जुलाब थांबवण्याची गोळी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारून. सहा आठवडे भरलेली बादली उचलायची नाही, नाहीतर जुन्या स्टोमाच्या जागी हर्निया होतो. ताप, पोट फुगून उलट्या, वारा बंद, जखमेतून पू, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

त्या वर्षीचा रमजान मार्चअखेर आला. डॉक्टरांनी रोजे धरू दिले नाहीत. डिसेंबरच्या छोट्या दिवसांत मी ते पूर्ण केले. तोवर पंधराचे पाच-सहा झाले होते. सुधारणा वर्ष-दोन वर्षं चालू राहते म्हणतात. माझी चालू आहे.

त्यानंतरच्या पहिल्या कविसंमेलनाला गेलो तेव्हा संयोजकांना मानधनाआधी विचारलं, स्वच्छतागृह कुठल्या बाजूला? खुर्ची कडेची मागून घेतली. यादीत माझं नाव सातवं होतं, ते दुसरं करवून घेतलं.