मातीचे विरजण

इंदुरीला आमच्या भातखाचरांच्या वर वरकस जमिनीचा एक तुकडा आहे. पूर्वी तिथे नाचणी होई. काही वर्षांपूर्वी तिथला मुरूम रस्त्याच्या कामासाठी काढून नेला. मागे उरले खडे आणि कातळ. अण्णांनी दोन पावसाळे रोपे लावली. दोन्ही उन्हाळ्यांत ती वाळली. पाणी कमी पडले, असे आम्ही समजलो. दुसरे कारण मला कॉलेजच्या ग्रंथालयात सापडले.

सुपीक मातीच्या चिमटीत कोट्यवधी जीवाणू असतात. पालापाचोळा कुजवून ते त्यातले अन्न मुळांना मोकळे करून देतात. खाणीच्या दगडमातीत पालापाचोळा नाही, म्हणून जीवाणू नाममात्र. जीवाणू नाहीत, म्हणून रोप उपाशी. आणि रोप जगत नाही, म्हणून पालापाचोळा नाही. मग हे चक्र तोडायचे कोठे?

नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. तिथल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने झाडे लावली. पण नुसती झाडे नव्हेत. सोबत साखर कारखान्याची मळी घातली आणि रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर हे जीवाणू व मायकोरायझा ही बुरशी दिली. मळी ही जीवाणूंची शिदोरी. रायझोबियम शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधतो. हॉलंडच्या बायरिंक यांनी १८८८ साली तो प्रथम वेगळा काढला. ॲझोटोबॅक्टर हेच काम मातीत मोकळा राहून करतो. बुरशीचे तंतू मुळे पोचत नाहीत तेथून स्फुरद आणतात. झाडेही उपकार ठेवीत नाहीत. मुळांतून साखर पाझरते, वरून पाने गळतात आणि जीवाणूंची वस्ती वाढत जाते. गुमगावला झाडे वाढली, तसे मातीतले जीवाणूही वाढले.

हे मी अण्णांना वाचून दाखवले. ते शाळेत गेलेले नाहीत. क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे दुधाला विरजण लागतं, तसंच की गं!"

यंदा आम्ही खड्ड्यांत शेणखत, गिरिपुष्पाचा पाला आणि जुन्या करंजाखालची पाटीभर माती घालून करंजाची रोपे लावली. दिवाळीत एक रोप उपटून पाहिले. मुळांवर बारीक गाठी होत्या. एक चिरली, तर आत तांबूस! म्हणजे काम चालू होते.

उन्हाळा अजून जायचा आहे. पण या वेळी रोपे एकटी नाहीत.